जहाज कोणतं घ्यायचं? वाटूर ते जेद्दाह

मागच्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामू, अम्मीला आणि पोरांना घेऊन क्रूझला जायचं ठरतंय. चार कंपन्यांची पत्रकं पाठवलीत. तुम्ही इतिहासवाले, बघून सांगा कोणती घेऊ."

मी त्या वेळी वाटूर फाट्यावर चहा घेत उभा होतो. इथून एक रस्ता जालन्याला जातो, एक मंठ्याला आणि एक परतूरला. समुद्र चारशे किलोमीटरहून लांब. आमच्याकडे पाण्याचा विषय निघाला तर तो विहिरीचा, बोअरचा किंवा टँकरचा असतो. अशा गावच्या माणसाला जहाजाची कंपनी निवडायला सांगणे म्हणजे गंमतच. मी हसलो आणि फोन ठेवला.

रात्री पत्रकं उघडली. बाल्कनीची खोली, पोहण्याचा तलाव, जैन जेवण, लहान मुलांसाठी वेगळा मजला, ज्येष्ठांसाठी सवलत. वाचता वाचता नानीची आठवण झाली. साठच्या दशकात माझे नाना-नानी मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. जाण्याआधी नानीने परतूरच्या एका जुन्या हाजींना तीन गोष्टी विचारल्या होत्या. परतीचं तिकीट आधीच हातात मिळतं का? जेवण आपण शिजवायचं की जहाजवाले देतात? आणि बायकांना झोपायला आडोसा असतो का? आमच्या घरात हे तीन प्रश्न पुढे किस्सा म्हणून सांगितले जात. नानी भोळी होती, जहाजाला मोटारगाडी समजत होती, असा त्याचा सूर असे.

आता वाटतं, ती मुळीच भोळी नव्हती. त्या प्रत्येक प्रश्नामागे शे-दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. आपल्याकडे समज असा की आपल्या कुटुंबाला जमेल, मानवेल असं जहाज निवडणं ही नव्या श्रीमंतीची चैन आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्रातली शेतकरी, विणकर, कसाई, तांबोळी कुटुंबं कितीतरी पिढ्या हा प्रश्न सोडवत आली. फक्त त्यांच्या हातात रंगीत पत्रक नव्हतं.

चौल, दाभोळ, सुरत

आगबोटी येण्यापूर्वी दख्खनच्या यात्रेकरूंसाठी दोन-तीन वाटा होत्या. बहमनी, निजामशाही आणि आदिलशाही काळात कोकणातली चौल आणि दाभोळ ही बंदरे अरबस्तानाशी व्यापार करत. घोडे यायचे, कापड जायचे आणि त्याच गलबतांतून हाजीही जायचे. मोगल काळात हा मान सुरतेकडे गेला. सुरतेला 'बाब-अल-मक्का', म्हणजे मक्केचा दरवाजा, म्हणत.

पण सोळाव्या शतकात समुद्रावर पोर्तुगिजांचा पहारा होता. त्यांच्या परवान्याशिवाय निघालेले जहाज ते पकडत. या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ साली शाही घराण्यातल्या बायकांना घेऊन हजला निघाली. तिलाही हा परवाना मिळेपर्यंत सुरतेत खोळंबावे लागले. बादशहाच्या घरची ही स्थिती, तर सामान्यांचे काय? त्या काळी काही उलेमांनी असेही मत दिले होते की जमिनीच्या वाटेवर इराणच्या शिया सत्तेचा त्रास आणि समुद्रात ख्रिस्ती फिरंग्यांचा, म्हणून हिंदुस्थानच्या मुसलमानांवर हज बंधनकारक राहत नाही. वाट सुरक्षित नसेल तर फर्जही सैल होतो, हा त्यामागचा युक्तिवाद. म्हणजे प्रवासाची सुरक्षितता हा तेव्हाही चैनीचा विषय नव्हता. तो थेट दीनचा मसला होता.

दाभोळला खाडीकाठी एक देखणी आदिलशाही मशीद आहे. तिच्याबद्दल स्थानिक लोक एक गोष्ट सांगतात. विजापूरच्या राजघराण्यातली एक बीबी हजला निघून दाभोळपर्यंत आली, पण पुढची वाट धोक्याची ठरल्याने तिला जाता आले नाही. मग प्रवासाचा पैसा तिने या मशिदीवर खर्च केला. गोष्ट किती खरी हा वेगळा भाग. पण समुद्राच्या तोंडाशी येऊन परत फिरावे लागलेल्या माणसांची आठवण लोकांनी जपली आहे.

आगबोट आली, दलालही आले

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. आगबोटींची ये-जा वाढली आणि भाडी उतरली. ज्यांनी हजचे स्वप्नही पाहिले नव्हते असे गरीब लोक मुंबईकडे निघाले. १८७७ साली मुंबईत 'बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' सुरू झाली. पुढे ती 'मोगल लाईन' या नावाने ओळखली गेली. तिच्याशिवाय इतरही मालक हंगामापुरती जहाजे लावत. मालवाहू बोट रिकामी करायची, डेक धुवायचा आणि हाजी भरायचे.

वरवर पाहता ही यात्रेकरूची चंगळ. कंपन्या अनेक, भाडे कमी, हवे ते जहाज घ्या. पण निवड करायला माहिती लागते आणि ती दलालाच्या हातात होती. दलाल तिकिटे ठोकात उचलत. जहाज उद्या सुटणार असे सांगून माणसांना आठवडेच्या आठवडे मुंबईत थांबवून ठेवत. खेड्यातून आलेल्या माणसाची शिदोरी आणि पैसा मुसाफिरखान्यातच संपे. बंदरावर तपासणी होऊन गेल्यावर जादा माणसे चढवली जात. १८८७ साली मुंबईत हज दलालांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला, तो या लुबाडणुकीमुळेच.

निजामाच्या राज्यातल्या आमच्या भागाला रेल्वे मिळाली ती १९०० च्या सुमारास. हैदराबाद-मनमाड ही मीटरगेज लाईन परतूर, जालना, औरंगाबाद करत मनमाडला जाई. वाटूरच्या हाजीचा पहिला टप्पा बैलगाडीने परतूर स्टेशन. तिथे सारा गाव पोचवायला यायचा. 'कहा-सुना माफ' म्हणत एकमेकांच्या गळ्यात पडायचे, कारण परत येण्याची खात्री कोणी धरत नसे. मग मनमाडला गाडी बदलायची आणि मुंबई. मुंबईत उतरताच पहिला भेटणारा माणूस दलाल. त्याला उर्दू येई, त्याची दाढी असे, तो सलाम करी. वाटूरच्या माणसाने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही तर कोणावर ठेवायचा?

परतीचं तिकीट

नानीचा पहिला प्रश्न इथून येतो. स्पर्धेत जाण्याचे भाडे घसरे, पण जेद्दाहहून परतताना हाजी अडलेला असे आणि भाडे चढे. शेकडो लोक पैसे संपून जेद्दाहच्या रस्त्यावर पडून राहत. कोणी भीक मागे, कोणी आजारात मरे. इंग्रज सरकारसमोर पेच होता. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन होते. परतीचे तिकीट सक्तीचे केले तर गरिबाची हज महाग होईल आणि मुसलमान नाराज होतील, ही भीती. तिकडे जेद्दाहमधला ब्रिटिश वकील निराधार हाजींबद्दल तक्रारी लिहीत होता.

मार्ग म्हणून सरकारने १८८६ साली एक वेगळाच प्रयोग केला. युरोपात सहली काढणारी थॉमस कुक ही कंपनी हजची अधिकृत एजंट नेमली. आज ज्याला आपण टूर पॅकेज म्हणतो ते जगाला शिकवणारी हीच कंपनी. गावच्या स्टेशनपासून जेद्दाहपर्यंत आणि परत असे एकत्र तिकीट, ठरलेले भाडे, ठरलेली तारीख, ही तिची योजना. कल्पना चांगली होती. पण यात्रेकरूला सक्ती नव्हती आणि बाजारातली इतर जहाजे स्वस्तात लोक उचलत राहिली. धंदा तोट्यात गेला. सरकारने तोटा भरून देणे थांबवल्यावर १८९३ साली कुकने अंग काढून घेतले.

परतीच्या तिकिटाचा प्रश्न सुटायला १९२५ साल उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक हाजीने परतीचे तिकीट घ्यावे किंवा तेवढी रक्कम अनामत ठेवावी, असे ठरले. साधी गोष्ट, पण तिला निम्मे शतक लागले. तोपर्यंत जे परतले नाहीत त्यांची नावे कोणत्याही पत्रकात नाहीत.

नाव अरबी, मालक कोण?

यात्रेकरूला खरी निवड मिळाली ती १९३७ साली. त्या वेळी मुंबई-जेद्दाह वाहतुकीवर मोगल लाईनचा जवळपास एकछत्री अंमल होता. नाव मोगल, जहाजांची नावे 'अलवी', 'रिजवानी', 'रहमानी'. पण कारभार टर्नर मॉरिसन या इंग्रज पेढीकडे. समोर आली सिंदिया कंपनी. १९१९ साली सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेली ही स्वदेशी कंपनी. तिने हजसाठी जहाजे आणली आणि नावे ठेवली 'अल मदिना' आणि 'अल हिंद'.

जैन घराण्यात जन्मलेल्या सोलापूरच्या उद्योगपतीचे जहाज 'अल मदिना', आणि इंग्रजांच्या कारभारातले जहाज 'रहमानी'. हाजीने कोणत्या नावावर जायचे? दोन्ही कंपन्यांनी भाडी अशी पाडली की दर्यावर्दी धंद्यात ही भाडेयुद्धाची कहाणी अजून सांगतात. शेवटी सरकारला मध्यस्थी करावी लागली. मग महायुद्ध आले. 'अल मदिना' सैनिक वाहताना मार्च १९४४ मध्ये बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने बुडवली. 'अल हिंद' त्याच वर्षी १४ एप्रिलच्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेली. हाजींना मिळालेली निवड अशी सात वर्षांत संपली.

इथे आपल्या लोकांनी एक धडा नोंदवायला हवा होता. मालकाचा धर्म पाहून जहाज सुरक्षित ठरत नाही. याचा पुरावा खूप आधीचा आहे. १८८० साली सिंगापूर आणि पेनांगहून 'जेद्दाह' नावाची आगबोट साडेनऊशेच्या आसपास हाजी घेऊन निघाली. मालक सिंगापूरचे एक प्रतिष्ठित अरब मुस्लिम व्यापारी घराणे. वादळात बॉयलर हलले, पाणी शिरले. ८ ऑगस्टच्या रात्री कप्तान आणि गोरे अधिकारी होडीत बसून निघून गेले. मालकाच्या घरचा एक माणूसही त्यांच्यासोबत होता. एडनला पोचून त्यांनी जहाज बुडाल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका जहाजाने ओढत आणलेली 'जेद्दाह' एडनला हजर झाली. आत हाजी जिवंत होते, त्यांनीच उपसून उपसून जहाज तरंगते ठेवले होते. कप्तानाला शिक्षा काय? तीन वर्षांसाठी परवाना निलंबित. जोसेफ कॉनरॅडची 'लॉर्ड जिम' ही कादंबरी याच घटनेवरून सुचली. ती त्या पळालेल्या एका अधिकाऱ्याच्या मनाची कथा आहे. पाणी उपसणाऱ्या हाजींच्या मनाची कथा अजून कोणी लिहिलेली नाही.

चूल आणि चादर

नानीचे उरलेले दोन प्रश्न जेवणाचे आणि आडोशाचे. जुन्या काळी डेकवरच्या हाजीला जहाजाकडून फक्त पाणी आणि जळण मिळे. शिधा आपला, चूल आपली. हलत्या जहाजावर शेकडो चुली, धूर, भाजलेले हात आणि पाण्याच्या नळापाशी भांडणे. त्यात वाटेत लाल समुद्राच्या तोंडाशी कामरान बेटावर क्वारंटाईन. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी मुंबईहून हजची वाहतूकच बंद केली गेली. युरोपला हाजींच्या अंगावरच्या रोगाची भीती होती. एका हाजीला डेकवर किती जागा द्यायची यावर १८९४ साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेत वाद झाला. ज्याच्या जागेबद्दल हे चालले होते त्याला विचारायला कोणी परतूर-जालन्याला आले नाही.

१९२९ मध्ये सरकारने हज चौकशी समिती नेमली आणि १९३२ मध्ये बंदरांवर हज समित्या स्थापन करणारा कायदा झाला. तिथून हाजींची बाजू मांडायला निदान एक अधिकृत जागा तयार झाली. नानी गेली तेव्हा शिजवलेले जेवण भाड्यात धरलेले होते. तरी तिने ज्वारीचे पीठ, लसणाची चटणी आणि गुळाच्या पोळ्यांचा डबा सोबत घेतला. "भात खाऊन खाऊन जीभ विसरली की मी कुठली आहे," असे ती म्हणे. तिच्या काळी जहाजे होती 'मोहम्मदी', 'मुझफ्फरी', 'इस्लामी'. १९६० पासून मोगल लाईन सरकारच्या ताब्यात आली होती आणि तिच्याशिवाय दुसरी कंपनी नव्हती. परकीय चलनाची टंचाई असल्याने जागा मोजक्या. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास 'हज नोटा' काढल्या होत्या, त्या भारताबाहेर खर्चायच्या. निवड उरली ती फक्त वर्गाची. पहिला वर्ग की डेक? नानांनी दोन एकर विकून डेकचे पैसे जमवले होते.

आडोसा तिने स्वतःच केला. शेजारच्या तीन कुटुंबांतल्या बायकांनी चादरी जोडून पडदा बांधला. एक मराठी बोलणारी कोकणी, एक खान्देशची, एक मालेगावची. दहा-बारा दिवस तो त्यांचा वाडा. मालेगावच्या बाईची सासू वाटेतच गेली. तिला कफन घालून समुद्रात सोडताना नानीने पाहिले. यलमलमच्या समोर आल्यावर जहाजाचा भोंगा वाजला, पुरुषांनी एहराम बांधले आणि सगळीकडून 'लब्बैक' सुरू झाले. भोंग्याचा तो आवाज तिला शेवटपर्यंत आठवत होता. परतूरला मीटरगेजचे इंजिन शीळ घालायचे तेव्हाही ती मध्येच गप्प व्हायची.

न विचारलेला प्रश्न

एक प्रश्न मात्र नानीने विचारला नव्हता. जहाजावर सगळ्यांना पुरतील एवढ्या जीवरक्षक होड्या आहेत का?

१९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर जगाने ठरवले की जहाजावरच्या प्रत्येकाला होडीत जागा हवी. १९१४ आणि १९२९ साली लंडनमध्ये त्यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाले. पण १९२९ च्या करारात एक पळवाट होती. डेकवरून मोठ्या संख्येने नेल्या जाणाऱ्या प्रवाशांच्या, म्हणजे मुख्यतः हाजींच्या जहाजांना काही नियमांतून सूट देता येई. १९३१ साली त्यासाठी वेगळे नियम ठरले, त्यांना 'सिमला रूल्स' म्हणतात. १९७१ चा नवा करार येईपर्यंत हीच चौकट राहिली. खोलीत झोपणाऱ्याच्या जिवाचा एक नियम आणि चादरीवर झोपणाऱ्याच्या जिवाचा दुसरा, हे आंतरराष्ट्रीय कागदावर लिहिलेले होते. नानीने तो प्रश्न विचारला नाही कारण असा प्रश्न असतो हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

१९९५ पासून भारतातून हजची सागरी वाहतूक बंद झाली. शेवटच्या काळात 'अकबर' हे जहाज ती करत होते. २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू करण्याची चर्चा झाली. मुंबई ते जेद्दाह अंतर सुमारे २,३०० सागरी मैल. पुढे काही झाले नाही. त्याच वर्षी मुंबई-गोवा 'आंग्रिया' क्रूझ सुरू झाली आणि २०२१ पासून 'कॉर्डेलिया'ची जहाजे मुंबईहून सुटू लागली. मुंबई बंदराने हाजी गमावले आणि पर्यटक मिळवले.

भाच्याला उत्तर

भाच्याला मी कंपनीचे नाव सांगितले नाही. ते माझे काम नाही. मी त्याला नानीचे तीन प्रश्न आणि एक चौथा लिहून पाठवला.

परतीचं: सहल रद्द झाली किंवा अम्मी आजारी पडली तर पैसे किती परत मिळतात, आणि अधल्या बंदरावर उतरावे लागले तर घरी आणायचा खर्च कोणाचा? पत्रकातले भाडे पाहू नकोस, घरी परत येईपर्यंतचा एकूण खर्च पाहा. जेवणाचं: 'हलाल मिळेल' हे तोंडी नको, लेखी घे. अम्मीची शुगर आहे, तिला वेळेवर काय मिळेल तेही विचार. आडोशाचं: खोली लिफ्टपासून किती लांब, न्हाणीघरात धरायला कडी आहे का, डॉक्टर चोवीस तास आहे का? बाल्कनीपेक्षा हे जास्त उपयोगाचं. आणि चौथं: सुरक्षेची कवायत कधी घेतात? २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे अवाढव्य क्रूझ जहाज खडकावर आदळून कलंडले, ३२ माणसे गेली. सगळे प्रवासी उतरण्याआधीच कप्तान उतरला होता. 'जेद्दाह'नंतर १३२ वर्षांनी तेच. फरक इतकाच की या कप्तानाला १६ वर्षांची कैद झाली. त्यानंतर जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच कवायत घेणे बंधनकारक झाले. पोरं कंटाळतील, तरी ती चुकवू नकोस.

दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. चारपैकी दोन कंपन्यांनी सगळी उत्तरे लेखी दिली, एकीने अर्धी दिली, एकीने फक्त सवलतीचा नवा भाव पाठवला. "आता निवडणं सोपं झालं, मामू," असे त्याने लिहिले होते. खाली बहिणीचा आवाजी संदेश होता. तिला एवढेच विचारायचे होते की फजरच्या वेळी वर डेकवर जाऊ देतात का. नानी रोज जायची, म्हणाली.